भाकऱ्या मोजणारा सल्लागार

आमच्या घरात माझा सल्ला कुणी घेत नाही. घणसोलीतल्या आमच्या दोन खोल्यांमध्ये नवा पंखा कुठला घ्यायचा इथपासून गावाकडच्या लग्नाला कुणी जायचं इथपर्यंत सगळं आई ठरवते, वडील मान हलवतात आणि मला ते नंतर कळतं. अशा माणसाला परदेशातल्या एका विद्यापीठाने सल्लागार केलं. यात माझी चूक थोडी आहे, विद्यापीठाची जास्त.

महाप्याच्या एका कंपनीत काही वर्षं कॉम्प्युटरसमोर बसून मान दुखायला लागली, तेव्हा मला वाटलं की आपण व्यवस्थापन शिकावं. मान दुखते म्हणून माणसं शेक घेतात, मी विमानात बसलो. तिथे गेल्यावर कळलं की नुसत्या परीक्षा देऊन भागणार नाही. प्रत्येक विद्यार्थ्याने वंचित वस्तीतल्या छोट्या धंदेवाल्यांना फुकट सल्ला द्यायचा आणि त्याचा अहवाल लिहायचा. त्याला मार्क होते. म्हणजे धंदा त्यांचा आणि मार्क आमचे.

हे काम बघणाऱ्या आमच्या एक मॅडम होत्या. शिक्षकांना सरळ नावाने हाक मारायची तिथली पद्धत. माझ्या तोंडातून ते नाव काही निघेना, आणि 'मॅडम' म्हटलं की त्या दुखावल्यासारख्या व्हायच्या. मग मी त्यांना हाकच मारायची सोडली. काही विचारायचं असलं की त्यांच्या टेबलासमोर जाऊन नुसता उभा राहायचो. त्यांचं एकच म्हणणं होतं, आधी मोजा आणि मग बोला. त्यांनी आम्हाला बोटात घालायचं एक छोटं यंत्र दिलं. बटण दाबलं की टक असा आवाज यायचा आणि आकडा एकने वाढायचा.

पहिलं काम मिळालं ते तिथल्याच एका गरीब वस्तीतल्या म्हाताऱ्या बाईंच्या नाश्त्याच्या दुकानाचं. मी कोपऱ्यात उभा राहून कोण किती टोस्ट खातो आणि कोण किती टाकतो ते टकटक मोजलं. गिऱ्हाइकं माझ्याकडे बघून हात हलवायची. एकाने तर जाताना "माझे दोन धर" असं स्वतःहून सांगितलं. शेवटी मी बाईंना म्हटलं, प्रत्येक ताटात एक टोस्ट कमी ठेवा, नाहीतरी तो कचऱ्यातच जातो. बाईंनी ठेवला, कुणाच्या लक्षातही आलं नाही, आणि त्यांनी मला एक अख्खा केक दिला. तो केक मी खोलीवर एकट्याने खाल्ला आणि त्या दिवसापासून माझं डोकं जरा बिघडलं. बसस्टॉपवर उभा राहिलो तरी ही बस तोट्यात का चालते, असले विचार यायला लागले.

मोठ्या सुट्टीत पुढचं काम स्वतःच्या शहरात करायला परवानगी मिळाली. मी आईला फोन केला आणि म्हटलं, "वंचित वस्तीतला एखादा छोटा धंदेवाला बघून ठेव."

"स्थळं बघतात तसं?" आई म्हणाली. पण तिने बघितलं. तिच्या माहेरच्या, साताऱ्याकडच्या गावातल्या एक काकू नावड्याला खानावळ चालवत होत्या. तळोज्याच्या कंपन्यांमधले, गोदामांमधले एकटे राहणारे कामगार त्यांच्याकडे जेवायला यायचे. महिन्याचे पैसे ठरलेले आणि जेवण पोटभर. कुणी कितीही भाकऱ्या खाव्यात, त्याला हिशेब नाही. पण अलीकडे कंपन्यांनी स्वतःची कँटीनं सुरू केली होती, उरलेले लोक मोबाइलवरून जेवण मागवायला लागले होते, आणि काकूंकडचे मेंबर गळत चालले होते.

काकूंचा गाळा एका बिल्डिंगच्या तळमजल्यावर होता. पुढे पत्र्याची शेड, आत भिंतीला लागून दोन बाकडी आणि त्यामागे भाकरीचा तवा. पहिल्या दिवशी मी गेलो तेव्हा काकू पीठ मळत होत्या आणि काका लसूण सोलत होते. मी खुर्चीवर ताठ बसून फॉर्म काढला.

"काकू, आमच्या विद्यापीठाच्या हिशेबाने तुमची वस्ती वंचित आहे."

"कशापासनं?"

"म्हणजे, संधींपासून."

"कसली संधी?"

"तशी सगळीच."

काकूंनी मान वळवली. "आवो, आपन वंचित हाय म्हनं."

"बरं," काका म्हणाले. "मग आता काय करायचं?"

"फॉर्म भरायचा," मी म्हटलं.

काकूंनी पिठाचा गोळा उलटा केला. "आन तुमी घनसोलीचं? तुमच्या दोन खोल्या न्हवं? तुमी न्हाई व्हय वंचित?"

मी फॉर्मचं पान उलटलं. आमचा विचार मी केलाच नव्हता.

पण काकूंना माझी मदत हवी होती, आणि ती का हवी होती ते त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. काका रंगाच्या कारखान्यात होते. तो बंद पडल्यावर दोघांनी हा गाळा भाड्याने घेतला. खानावळ बंद झाली तर गावी परत जावं लागणार होतं, थोरल्या जाऊबाईंच्या घरात. त्या घरातून काकू निघाल्या होत्या त्याला कारण झालं होतं. एका कार्यात पंगत बसलेली असताना जाऊबाईंनी सगळ्यांसमोर त्यांच्या हातातली परात काढून घेतली होती आणि म्हटलं होतं, "ऊठ, तुझ्या हातची भाकरी कोन खाईना."

"हितं रोज खात्यात की," काकू म्हणाल्या. "रोज येऊन खात्यात. गेले परत, तर ती म्हनंल, बघा, मी म्हनत न्हवते? आमाला दुसरं काय नगं बाळा. हितनं हलायला लागू नये, येवढंच बघ."

मी म्हटलं, "काळजी करू नका." हे वाक्य मी इतक्या सहज म्हटलं की आजही आठवलं तर माझे कान गरम होतात.

उपाय मला तेव्हाच दिसला होता. पोटभर जेवण हीच तर पैशांची गळती! एकेक माणूस किती खातो ते मोजायचं, सरासरी काढायची आणि भाकऱ्यांवर मर्यादा घालायची. टोस्टला चाललं ते भाकरीला का चालणार नाही? काकूंना मी फक्त "आठवडाभर बसून बघतो" एवढंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून तव्याजवळच्या स्टुलावर बसलो, यंत्र बोटात घातलं, आणि पंगतीत कुणी भाकरी घेतली की टक करायला लागलो.

आता आपल्याकडे असलं यंत्र लोक कशासाठी वापरतात हे मला माहीत असायला हवं होतं. आमच्या शेजारच्या आजी ते बोटात घालून भाजी आणायला जातात. तिसऱ्या दिवशी काकूंनी मेंबरांना हळू आवाजात सांगितलेलं मी ऐकलं. "परदेशात शिकतोय, पर नाम सोडलं न्हाई पोरानं. बघा की, सारखा जप चाललेला असतोय."

त्यानंतर मी आलो की पंगतीतले लोक शिव्या देईनासे झाले. मोबाइलवरची गाणी बंद व्हायची. एक ड्रायव्हर जाता जाता मला नमस्कार करायला लागला. खुलासा करणं माझ्या हातात होतं. पण खुलासा केला तर लोक सावध होतील आणि मोजणी बिघडेल, असं मी मॅडमना व्हिडिओ कॉलवर सांगितलं आणि त्यांनाही ते पटलं. खरं कारण वेगळं होतं. लोकांनी आपल्याला भक्त समजावं हे मला आवडायला लागलं होतं. मी मध्येच डोळे मिटायलाही लागलो होतो, अर्थात एक डोळा ताटांकडे ठेवून.

मेंबरांमध्ये एक जण पैलवान होता. गावाकडच्या जत्रांमध्ये कुस्त्या केलेला आणि आता गोदामात माल चढवायच्या कामावर असलेला. तो बसला की काकू परात जवळ ओढून घ्यायच्या. माझ्या आकड्यांमध्ये हा माणूस सरासरीचा सत्यानाश करत होता. त्याच्यासाठी माझं बोट जरा जास्तच तयारीत असायचं.

एका संध्याकाळी त्याने भाकरी उचलली. टक. त्याने माझ्याकडे बघितलं आणि भाकरी खाली ठेवली. परत उचलली. टक. परत ठेवली, या वेळी जरा थांबला आणि एकदम उचलली. माझं बोट सवयीचं गुलाम, ते कशाला थांबतंय. टक. सगळी पंगत थांबली.

"सायेब," पैलवान शांतपणे म्हणाला, "तुमचा देव माझ्या भाकरीवरच बरा येतोय?"

मी काहीतरी बोललो. त्यात 'सरासरी' हा शब्द होता, एवढं आठवतं. पैलवानाने ती भाकरी खाल्ली नाही. पाणी पिऊन उठला. त्याच रात्री त्याचं पोट बिघडलं आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला नाही. बातमी नावड्याभर झाली. काकूंनी ताटाकडं बघणारा माणूस बसवलाय, आणि त्याची नजर लागली. दोन दिवसांत बाकडी रिकामी झाली. आधीच मोजके उरलेले मेंबर, ते मी मोजून घालवले.

घरी आईने ऐकलं तेव्हा तिच्या हातात लाटणं होतं, हे मला धोक्याचं वाटलं. "लहानपणी पोळ्या मोजायला लागलास की मी हातावर फटका द्यायची. का द्यायची? खाणाऱ्याचं मोजू नये म्हणून ना? एवढं शिकवून पाठवला आणि तिकडं जाऊन नेमकं तेवढंच विसरून आलास?" वडिलांनी नेहमीप्रमाणे मान हलवली.

मॅडमना मी नजर लागणं म्हणजे काय ते समजावून सांगितलं. त्या पुढे झुकून लक्षपूर्वक ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, ही नजर मोजता येते का?

मी खानावळीत गेलो. काकू मला बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला चहा दिला. तवा थंड होता. काका नुसते बसले होते, सोलायला लसूण नव्हता.

"जाऊबाईंचा फोन आलता," काकू म्हणाल्या. "मागची खोली झाडून ठिवलीया म्हनाल्या. आवाजात लई माया हुती." त्यांनी पदराने कपाळ पुसलं. "कोन सांगतं तिला काय म्हाईत."

मी कप खाली ठेवला. मोठ्या शहाण्यासारखा मी या बाईला काळजी करू नका म्हणालो होतो. तिथून उठलो तो थेट पैलवानाच्या खोलीवर गेलो.

पैलवान चटईवर आडवा होता. मी माफी मागितली. नजर वगैरे काही नसतं, हे तुम्हालाही माहीत आहे, असंही म्हटलं. माफी मागताना मुद्दा मांडायची खोड मला तिकडे लागली.

"आसंल बी," तो म्हणाला. "पर मग माझं पोट कशानं बिघाडलं? काकूंच्या जेवनानं?"

मी चटईच्या कडेला टेकलो.

"काकूंवर राग न्हाई माझा," तो उठून बसला. "पर आता त्या बाकड्यावर बसलं की घास उतरायचा न्हाई, आन बाकीच्यांचं बी तसंच हाय. येक काम करा. काकूंना म्हनावं, शनवारी समद्यांदेखत माझी दृष्ट काढा. मिरच्या इस्तवावर टाकायच्या. ठसका न्हाई आला तर दृष्ट हुती आन ती निघाली. आला ठसका, तर दृष्ट न्हवतीच."

त्याने पुढचं सांगितलं नाही, पण मला ते समजलं. ठसका आला तर मी सुटलो. पण मग दोष जेवणावर जाणार, आणि जाऊबाई म्हणाल्या होत्या तेच खरं ठरणार. मी निर्दोष सुटलो तर काकू गावी जाणार होत्या.

शनिवारी संध्याकाळी पाऊस होता, म्हणून सगळं पत्र्याच्या शेडमध्येच करायचं ठरलं. मेंबर आले, पण बाकड्यावर कुणी बसलं नाही, सगळे कडेकडेने उभे राहिले. पैलवान मध्ये पाटावर मांडी घालून बसला. काकांनी घमेल्यात निखारे आणून ठेवले. काकूंनी मीठ आणि मोहरी घेतली, आणि मग मिरच्यांच्या डब्यात हात घातला. मी बघितलं तर लवंगी मिरच्या. मी डोळ्यांनी, भुवयांनी, शेवटी हातानेही कमी-कमी अशी खूण केली. काकूंनी सरळ मूठभर घेतल्या.

"काढायची तर नीट काढायची," त्या मला म्हणाल्या. "खोटं कशापायी करायचं?"

त्यांनी मूठ पैलवानाच्या डोक्यापासून पायापर्यंत उतरवायला सुरुवात केली. "आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची," त्या पुटपुटत होत्या. मग जरा अडखळल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "इमानातनं आलेल्याची." उभ्या असलेल्यांपैकी कुणीही हसलं नाही. मूठ निखाऱ्यांवर पडली.

क्षणभर काही झालं नाही. मग धूर उठला. पावसामुळे तो बाहेर जाईना, पत्र्याला लागून खाली आला आणि सगळा माझ्याच तोंडावर आला असं मला वाटलं. नाकात आग झाली. घशात काहीतरी वळवळायला लागलं. मी ओठ घट्ट दाबले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी खोकला आला की दुसरं काहीतरी आठवायचो, तसं करून बघितलं. मॅडम आठवल्या, टोस्ट आठवला, काही उपयोग होईना. डोळ्यांतून धारा लागल्या. छाती आतून धक्के देत होती. आता फुटणार असं वाटलं की मी श्वासच बंद करायचो. एवढं शिक्षण, एवढा विमानप्रवास, आणि काकूंसाठी मला करता येण्यासारखं काम काय उरलं होतं, तर न खोकणं. आणि तेही जमेल की नाही याची मला खात्री नव्हती.

शेवटी राहवेना म्हणून मी मान वर केली. म्हटलं, बघावं तरी, आपण एकटेच इथे मरतोय का.

तो नमस्कार करणारा ड्रायव्हर भिंतीकडे तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. एकाने रुमाल अर्धा तोंडात कोंबला होता. दुसऱ्याची मान लालबुंद झाली होती आणि त्याने शेजाऱ्याचा दंड घट्ट पकडला होता. शेजाऱ्याचीही गत तीच. काका घमेल्यापुढे उकिडवे बसले होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. पैलवान तर धुराच्या मधोमध बसलेला. एवढा मोठा देह, गळ्याच्या शिरा टरारून फुगलेल्या, डोळे तांबडे झालेले, पण ओठ मिटलेले. आमची नजरानजर झाली. त्याने अगदी थोडी मान हलवली.

शेडमध्ये पावसाशिवाय कसलाच आवाज नव्हता. कुणीही खोकलं नाही.

धूर विरायला लागला तेव्हा पैलवान उठला. बोलण्याआधी त्याला दोनदा आवंढा गिळावा लागला.

"न्हाई आला ठसका," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "दृष्ट हुती. लई जबर हुती. निघाली." मग तो बाकड्यावर जाऊन त्याच्या नेहमीच्या जागी बसला. "काकू, वाढा. भूक लागलीया."

बाकीचेही एकेक करून बसले. मला कुणीतरी हाताला धरून पैलवानाच्या शेजारी बसवलं, आणि पुढ्यात ताट आलं. यंत्र माझ्या खिशात होतं, ते तिथेच राहिलं. काकांनी गॅस पेटवला.

काकू मात्र भाकरी थापायला आल्या नाहीत. त्या तोंडावर पदर घट्ट धरून आतल्या मोरीत गेल्या आणि दार लावून घेतलं. नळ सोडल्याचा आवाज आला. त्या आवाजामागे काकू खोकत होत्या, खोकत होत्या, थांबायचं नाव घेत नव्हत्या. आणि बाहेर आम्ही सगळे जण, डोळ्यांतलं पाणी तसंच ठेवून, काहीच ऐकू येत नसल्यासारखे आपापल्या रिकाम्या ताटाकडे बघत भाकरीची वाट पाहत बसलो होतो.